जॅझचा रंग असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत: कोण कोण ऐकतं?

लोअरपरळकर

हाउस आणि टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत, आता मुंबईत कुठे ऐकू येत नाही? लग्नाच्या संगीतात आफ्रो हाउस, वांद्र्याला सकाळी कॉफीच्या दुकानात डीजे, जिममध्ये तर दिवसभर तेच. २००७ मध्ये गोव्यात सनबर्न महोत्सव सुरू झाला तेव्हा हे संगीत ऐकणारे एकमेकांना चेहऱ्याने ओळखायचे. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव झाला, तर तिथे ऑफिसातली निम्मी मंडळी भेटली. माझे जुने मित्र यावर नाराज आहेत. "आता यात काही राहिलं नाही" हे त्यांचं पालुपद झालंय.

मला हे अजिबात पटत नाही. या संगीताच्या एका शाखेवर माझा फार जीव आहे, जॅझमधून आलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर. आणि मला वाटतं, या शाखेला आत्ताइतके चांगले दिवस मुंबईत कधी नव्हते. मिनिटाला १२० ते १२८ ठोके, प्रत्येक मात्रेवर बास ड्रम, एवढं आता सगळ्यांच्या पायांत मुरलंय. पंधरा वर्षांपूर्वी ते समजावून सांगावं लागायचं. पाय आपोआप चालायला लागले की कान मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या कानात सॅक्सोफोन शिरतो.

सेंट जर्मेनचंच घ्या. फ्रान्सच्या लुडोविक नवारने घेतलेलं हे नाव. त्याचा 'टूरिस्ट' अल्बम २००० मध्ये आला, तोही ब्लू नोटवर, म्हणजे ज्या कंपनीने कोल्ट्रेन आणि हर्बी हॅन्कॉक यांच्यासारखे जॅझवाले छापले तिच्यावर. त्यातल्या पहिल्या ट्रॅकमध्ये, 'रोझ रूज'मध्ये, जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या 'टेक फाइव्ह'चा तुकडा आहे. मूळ धून पॉल डेसमंडची, पाच मात्रांची, आणि लिहिलीच होती मुळात जो मोरेलो या ड्रमरला वाव द्यायला. नवारने त्यातला लहानसा भाग उचलून चार मात्रांच्या हाउसवर बसवला. वर मार्लेना शॉ या गायिकेचं माँत्रो महोत्सवातलं एक वाक्य, पुन्हा पुन्हा. आणि यानंतर जे येतं त्यासाठी मी हा ट्रॅक लावतो: हाडामांसाचे वादक येऊन त्या फिरत्या तुकड्यावर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवतात. खालचं यंत्र हलत नाही, वरचा माणूस कुठेही जाऊन येतो.

याला मुंबईचाही एक धागा आहे. ब्रुबेक १९५८ मध्ये दौऱ्यावर असताना मुंबईत आले होते आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत त्यांनी वाजवलं होतं. 'टेक फाइव्ह' त्याच्या पुढच्याच वर्षीची, १९५९ ची.

तर कोण काय ऐकतंय? कुठे ऐकताय? लिहा.

निषाद_दादर

धागा आवडला, पण माझा मतभेद नोंदवतो. मी जॅझ ऐकायला शिकलो रंगभवनात, जॅझ यात्रा या महोत्सवात. १९७८ च्या पहिल्याच यात्रेला सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आले होते. धोबीतलावच्या त्या उघड्या मंचावर वादक काय करणार हे त्याच्या शेजारच्या वादकालाही ठाऊक नसायचं. एकाने काही म्हटलं की दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. माझ्या लेखी जॅझ म्हणजे हेच.

लूप, म्हणजे यंत्रावर पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, कोणाला उत्तर देत नाही. ड्रमरने १९५९ मध्ये वाजवलेला तुकडा तुम्ही हजार वेळा फिरवा, तो तुमच्या सॅक्सोफोनवाल्याचं ऐकणार नाही. म्हणून त्याला जॅझचा सुवास असलेलं संगीत म्हणा, माझी ना नाही. जॅझ म्हणू नका.

गिरगावची_सुनीता

निषाददादा, रंगभवनाबद्दल तुमच्याइतकंच प्रेम मलाही आहे. पण खुर्चीत बसून, डोळे मिटून जॅझ ऐकायचा ही पद्धत या शहरात फार नंतर आली. मुंबईत जॅझ आला तोच नाचासाठी.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड. तिथे काय चालायचं? बॉलरूममधला नाच. त्यांच्याकडून आणि त्यांच्या तबकड्यांवरून गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं. गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये व्हायोलिन आणि नोटेशन पक्कं झालेलं होतंच. आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेट घेऊन उभा राहिला की लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुढे चर्चगेट स्ट्रीटवर, आताच्या वीर नरिमन रोडवर, एका रस्त्यात कितीतरी रेस्टॉरंटांत रोज बँड असायचा.

तिथून हे सगळं सिनेमात गेलं. १९५१ चा 'अलबेला' आठवा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. वाद्यवृंदात चिक चॉकलेट, तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. आणि नाचणार कोण, तर भगवानदादा पालव. गिरणगावातल्या माणसाला ट्रम्पेटवर पाय टाकायला त्यांनी शिकवलं. आजही गणपतीच्या मिरवणुकीत कोणी भगवानदादांच्या चालीवर नाचतो तेव्हा त्या पावलात चर्चगेट स्ट्रीटचा जॅझ असतो.

म्हणून लोअरपरळकर म्हणतात ते मला नवीन वाटत नाही. नाच सर्वांपर्यंत पोचला आणि त्याच्या पाठीवर बसून जॅझ आला, हे या शहरात एकदा घडून गेलंय.

लोअरपरळकर

सुनीताताई, 'अलबेला'चा हा दुवा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. फार छान.

निषाददा, तुमचा मुद्दा वजनदार आहे. त्यावर सविस्तर लिहितो, पण आधी कोणी यंत्राच्या बाजूने बोललं तर बरं.

अर्धी_मात्रा

मी बोलतो. घरी बसून ट्रॅक बनवतो, अंधेरीला एका स्टुडिओत नोकरी करतो.

लूप कोणाला उत्तर देत नाही हे खरं आहे. पण जॅझमधली आणखी एक गोष्ट यंत्राने नीट उचलली आहे, आणि ती म्हणजे झोल, स्विंग. आकड्यांत सांगतो.

रॉजर लिन यांनी आकाई कंपनीसाठी १९८८ मध्ये एमपीसी ६० हे ठेके रचायचं यंत्र बनवलं. त्यात स्विंग टक्क्यांत लावता येतो. प्रत्येक जोडीतली दुसरी सोळांश नोट किती उशिरा येईल ते हे टक्के ठरवतात. ५० टक्के म्हणजे दोन्ही नोटा समसमान, सैनिकी कवायत. ६६ टक्के म्हणजे जोडीचे तीन भाग करून दोन पहिलीला आणि एक दुसरीला, पूर्ण तिश्र अंग, जुन्या जॅझचा झोका. खरी गंमत या दोहोंच्या मध्ये आहे.

१२४ च्या लयीत एक सोळांश साधारण १२१ मिलिसेकंदांची, जोडी २४२ ची. ५८ टक्के ठेवलं की दुसरी नोट सुमारे १९ मिलिसेकंद उशिरा पडते. ६६ ला ४० च्या आसपास. १९ मिलिसेकंदांचा उशीर म्हणून वेगळा ऐकू येत नाही, पण कंबरेला कळतो. मी काम करताना हाय हॅट ५६-५८ वर ठेवतो, टाळी बरोबर मात्रेवर, आणि बेस हाताने वाजवून तसाच सोडतो, ग्रिडला, म्हणजे यंत्राच्या समान चौकटींना, चिकटवत नाही. मग तीनही थर एकमेकांशी किंचित भांडतात. ऐकणाऱ्याला नाचावंसं वाटतं आणि का ते सांगता येत नाही.

मोठ्या मैदानातल्या ईडीएममध्ये (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) बहुतेक सगळं ५० वर असतं, कारण हजारो लोकांना एकदम उडी मारायला लावायची असते. त्यात वाईट काही नाही. पण तीच माणसं ५७ टक्क्यांच्या ट्रॅकवर आली की त्यांचे खांदे वेगळे हलतात. हे मी स्वतः डीजे टेबलामागून पाहिलंय. कमी लेखू नका त्या गर्दीला.

ठेका_आणि_ठाय

अर्धी_मात्रा, टाळ्या! मी तबला शिकवतो. विद्यार्थ्यांना मी हेच वेगळ्या शब्दांत सांगतो: केहरवा लिहून दाखवला की सरळ दिसतो, वाजवताना झोल आला नाही तर लावणी उभी राहत नाही. ढोलकीवाल्याला टक्के माहीत नसतात, पण त्याचा उशीर दर वेळी तेवढाच असतो.

लोअरपरळकरांच्या यादीत एक मुंबईकर हवाच: त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१, मुंबई, शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर वाजवलेला माणूस. १९८८ च्या त्यांच्या 'उस्फ्रेत' अल्बममध्ये शोभाताई गायल्या आहेत. ठुमरीचा आवाज, जॅझची मांडणी, आणि खाली तबला आणि ड्रम एकाच माणसाच्या हातचे. लंडनच्या एशियन अंडरग्राउंडवाल्यांनी, म्हणजे क्लबच्या संगीतात आपले ताल-सूर मिसळणाऱ्या तिथल्या दक्षिण आशियाई कलाकारांनी, या रस्त्याने पुढे जाऊन नाव काढलं. तलविन सिंगला १९९९ मध्ये 'ओके'साठी मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटनचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार, मिळालं ते याच प्रवाहातलं.

आणि हे तर ऐकाच: २००४ मध्ये त्रिलोक गुर्टूंनी रॉबर्ट माइल्सबरोबर अख्खा अल्बम केला. रॉबर्ट माइल्स म्हणजे १९९५ मधल्या 'चिल्ड्रन' या ट्रान्स ट्रॅकचा माणूस, जो त्या वेळी जगभरच्या रेडिओवर होता. इतकं यश मिळालेला कलाकार मुंबईच्या तालवादकाशी बसून पूर्ण वेगळं काही करतो. मुख्य प्रवाहातून आलेला पैसा आणि नाव अशा कामी येत असेल तर मला तो प्रवाह हवा आहे.

माहीमची_रेवा

तालावर सगळे बोलले, स्वरावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. जॅझ मला पहिल्यांदा भेटतो तो कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांत. साध्या मायनर कॉर्डवर सातवा आणि नववा स्वर चढवला की रंगच बदलतो. दुःखही नाही, आनंदही नाही, मधलंच काहीतरी. ते ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानोवर वाजवलं तर विचारूच नका.

डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सवाल्यांनी १९९३ मध्ये गॅलेक्सी टू गॅलेक्सी या नावाने 'हाय-टेक जॅझ' काढलं. टेक्नोचा वेग तसाच ठेवून वर सॅक्सोफोन सोडला आहे. इंग्लंडमध्ये ड्रम अँड बेसवाल्यांनी, म्हणजे वेगवान तुटक ड्रम आणि खोल बेस वापरणाऱ्यांनी, दुसऱ्या टोकाने तेच केलं. एलटीजे बुकेमचं 'लॉजिकल प्रोग्रेशन' १९९६ चं: १७० च्या आसपास धावणारे ड्रम, आणि वर इतके संथ कॉर्ड की दोन वेगवेगळ्या घड्याळांवर चालणारं संगीत एकत्र ऐकतोय असं वाटतं. पहाटेच्या रिकाम्या सी लिंकवर हे ऐकलंय मी. रॉनी साइझ आणि रेप्रझेंटच्या 'न्यू फॉर्म्स'मध्ये तर खरा डबल बेस आहे, आणि त्याला १९९७ चं मर्क्युरी प्राइझ मिळालं.

आजचं हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेचं आमापियानो ऐका. ११२ च्या आसपासची लय, लॉग ड्रमचा तो खोल गोल आवाज. त्यातला केल्विन मोमोचा सौम्य बाज म्हणजे पियानोचे लांब लांब जॅझ कॉर्डच. आपल्याकडच्या लग्नातल्या संगीतात आमापियानो वाजतं तेव्हा नाचणाऱ्या मामामामींना ठाऊकही नसतं की त्यांचे पाय नवव्या स्वरावर पडताहेत. मला हे दृश्य मनापासून आवडतं.

निषाद_दादर

रेवा आणि अर्धी_मात्रा, तुमच्या दोघांच्या प्रतिक्रिया दोनदा वाचल्या. झोल आणि कॉर्ड यांबद्दल वाद नाही. माझा आग्रह संवादाचा आहे आणि तो मी सोडत नाही. २०२१ चं 'प्रॉमिसेस' मी मनापासून ऐकतो. फ्लोटिंग पॉइंट्सची इलेक्ट्रॉनिक वाद्यं, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि ऐंशी गाठलेले सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स. एकच छोटी सुरावट नऊ भागांत फिरत राहते. ती बदलत नाही, पण सँडर्स तिच्याशी बोलत राहतात, एके ठिकाणी वाद्य बाजूला ठेवून नुसत्या कंठाने. पण त्यावर कोणी नाचत नाही हेही लक्षात घ्या.

लोअरपरळकर

निषाददा, यावर कोणी नाचत नाही हे मान्य. पण ते बनवणारा सॅम शेफर्ड, म्हणजेच फ्लोटिंग पॉइंट्स, क्लबांमध्ये रात्र रात्र डीजेगिरी करणारा माणूस आहे. एकच सुरावट पाऊण तास धरून ठेवायची आणि ऐकणाऱ्याला कंटाळू द्यायचं नाही, ही शिस्त तो नाचाच्या फ्लोअरवर शिकला असं मला ठाम वाटतं. डीजेचा संवाद समोरच्या गर्दीशी असतो. ती थकली, हसली, बारकडे वळली, त्यावर पुढचा ट्रॅक ठरतो. तुमच्या रंगभवनातल्या प्रश्नोत्तरांची बरोबरी मी करत नाही, पण तिथेही त्या क्षणी काही ठरत असतं.

आणि ज्यांना वादकांमधलाच संवाद हवा आणि नाचायचंही आहे त्यांच्यासाठी लंडनने दार उघडलंच आहे. युसूफ कमाल या जोडीचं 'ब्लॅक फोकस', २०१६: ड्रम आणि कीबोर्ड समोरासमोर, ब्रोकन बीट आणि हाउस ऐकून वाढलेल्या हातांनी वाजवलेले. एझ्रा कलेक्टिव्हने २०२३ मध्ये मर्क्युरी प्राइझ घेतलं, ते मिळवणारा पहिलाच जॅझ बँड. त्यांच्या पुढच्या अल्बमच्या नावातच नाच आहे.

फोर्टवाला

या सगळ्या आनंदात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ड्रम अँड बेस ज्या तुकड्यावर उभं आहे तो 'आमेन ब्रेक'. १९६९, द विन्स्टन्स हा बँड, ड्रमर ग्रेगरी कोलमन. चार बार, म्हणजे चार आवर्तनं, सहा-सात सेकंद. ते किती ट्रॅकमध्ये वापरलं गेलं याची मोजदाद नाही. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. त्या तुकड्याचा पैसा त्याच्यापर्यंत पोचला नाही.

सुनीताताईंनी गोव्याचे वादक काढले म्हणून हे बोलतो. आपल्या सिनेमातल्या किती गाण्यांची वाद्यमांडणी सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी केली आणि पडद्यावर नाव क्वचितच आलं. अँथनींचं नाव लोकांना माहीत आहे तेही त्यांच्या शिष्याने, प्यारेलालजींनी, गाण्यात घातलं म्हणून. ट्रॅक आवडला तर त्यात कोणाचं वाजवणं कापून घेतलंय ते शोधा. मूळ तबकडी विकत घ्या. माहीमला रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये, चोर बाजारात, फोर्टच्या फुटपाथवर अजून मिळतात.

गिरगावची_सुनीता

फोर्टवाला, शंभर टक्के. आणि यात चरणजित सिंगही आलेच. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये मुंबईत बसून त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या रोलंडच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. शिकागोतून ॲसिड हाउसचा, म्हणजे याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभ्या हाउसचा, पहिला गाजलेला ट्रॅक बाहेर पडला १९८७ मध्ये, म्हणजे यानंतर पाच वर्षांनी. इथे ती रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही. २०१० मध्ये परदेशात ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. २०१५ मध्ये ते गेले. शेवटची काही वर्षं तरी त्यांना मंचावर बोलावलं गेलं याचं मला समाधान आहे.

नवीन_वडाळा

सगळं वाचलं, फार काही कळलं, फार काही डोक्यावरून गेलं. मी पंचविशीची, क्लबमध्ये जाते ते मैत्रिणींबरोबर नाचायला. जॅझ कधी ऐकला नाही. सुरुवात कुठून करू? आणि हे मुंबईत प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळतं?

लोअरपरळकर

स्वागत! ठिकाणांचं आधी. मथुरादास मिल कंपाउंडमधलं ब्लू फ्रॉग २००७ ते २०१६ चालू होतं, आणि ती जागा खरंच या संगीतासाठी होती: गोल गोल कठड्यांत बसलेले लोक, मधोमध नाचायची जागा, आणि आवाज असा की ब्रशचा स्नेअरवरचा घासही स्पष्ट ऐकू यायचा. तशी जागा पुन्हा झाली नाही. रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथल्या मैफली बंद झाल्या. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, म्हणून हे संगीत आता बंद दारांआड आहे. महालक्ष्मीला जी५ए हे कलाकेंद्र आहे, अँटीसोशल क्लबमध्ये अधूनमधून चांगल्या रात्री असतात, एनसीपीएमध्ये जॅझ नियमित होतो. सँड्यून्स या नावाने काम करणारी सनाया अर्देशीर ही आपल्याच मुंबईची, पियानोवर हात पक्का बसलेला. तिचा कार्यक्रम दिसला तर चुकवू नका.

ऐकायचं म्हणाल तर तुम्हाला नाच येतो, म्हणून नाचातूनच जा. आधी 'रोझ रूज', मग त्यात ज्याचा तुकडा आहे ते 'टेक फाइव्ह'. तीन अधिक दोन असं बोटांवर मोजा. हर्बी हॅन्कॉकची १९६४ ची 'कँटलूप आयलंड' आणि तिच्यावर उभं असलेलं अस-थ्री या गटाचं 'कँटलूप' हीदेखील अशीच जोडी. दोन जोड्या झाल्या की उरलेलं तुम्ही स्वतः शोधाल.

अर्धी_मात्रा

एक विनंती. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. डबल बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला असते. तिचा मूळ स्वर फोनमधून बाहेरच पडत नाही, वरचं गुणगुणणं तेवढं ऐकू येतं. या संगीतात अर्धी गोष्ट त्या तारेवर सांगितलेली असते. साधे वायरचे हेडफोनही चालतील.

नवीन_वडाळा

लोकलमध्ये हेडफोन लावून दोन्ही जोड्या ऐकल्या, आणि रेवाताईंनी सांगितलेल्या 'न्यू फॉर्म्स'मधलं 'ब्राउन पेपर बॅग' पण. हेच गाणं मी एका पार्टीत ऐकलंय आणि नाचलेय! त्यात कोणी माणूस बसून तार ओढतोय हे तेव्हा कळलंच नव्हतं. 'टेक फाइव्ह' मोजताना सॅक्सोफोन सुरू झाला की माझी बोटं चुकतात, पण ड्रमकडे लक्ष दिलं की परत सापडतात. आज 'उस्फ्रेत' लावते. ठेका_आणि_ठाय, त्यात मोजायला कुठून सुरुवात करू ते सांगाल का?

ठेका_आणि_ठाय

पहिल्यांदा मोजू नका. शोभाताईंचा आवाज कुठे थांबतो तेवढं पाहा. दुसऱ्यांदा हातावर टाळी धरा. अडलात तर इथेच लिहा, मी रात्री असतो.